भोयर सर, कांदा आणि टिटॅनियम

भोयर सरांच्या पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात कांदा असे. डाव्या खिशात जाडी मोजायचं कॅलिपर, वरच्या खिशात दोन पेनं आणि उजव्या खिशात एक अख्खा, लाल, सालीसकट कांदा. होळी झाली की तो खिशात येई आणि आभाळ भरून येईपर्यंत तिथंच मुक्काम करी.

उन्हाळ्यात खिशात कांदा बाळगणारे नागपुरात कमी नाहीत. त्यानं ऊन लागत नाही म्हणतात. पण भोयर सर इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवायचे. लालभडक भट्टीचं दार उघडून, आत वाकून, ‘काय म्हणता बाप्पा?’ असं धातूला विचारणारा हा माणूस. भट्टीला तो भीत नसे. लॅबपासून कॉलेजच्या फाटकापर्यंतच्या उन्हाला मात्र भीत असे.

माझी आणि त्यांची ओळखही कांद्यानंच झाली. मी त्यांच्या हाताखालच्या संशोधन सहायकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. एप्रिल महिना. धरमपेठेतून सायकल मारत आलेली, घामानं निथळणारी मी, आणि समोर तीन परीक्षक. दोघांनी इंग्रजीत प्रश्न विचारले, मी घरी आरशासमोर घोटलेली उत्तरं पुटपुटले. तिसरे गृहस्थ, सडपातळ, काळेसावळे, इतका वेळ छताकडे बघत होते. त्यांनी एकदम विचारलं, “आली कशानं?”

“सायकलनं, सर.”

“या उन्हात? कांदा आहे काय जवळ?”

मी “नो, सर,” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांनी खिशातून कांदा काढला, माझ्या सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि म्हणाले, “हा ठेव. सोमवारपासून ये.”

नेमणुकीचं पत्र नंतर आलं. कांदा आधी मिळाला.

माझी शाळा नन्सची, तिथं मराठी वाचायला आठवड्यातून एक तास. घरी आम्ही बोलायचो ते धरमपेठी, इस्त्रीचं मराठी. त्यामुळे पहिला महिनाभर टिटॅनियमपेक्षा मला भोयर सरच अवघड गेले. ते काटोलकडचे. बाहेरगावी शिकून आले, मोठ्या पदव्या मिळवल्या, पण बोली काही बदलली नाही. वर्गातसुद्धा, “पाह्य गा, हा ॲटम इथून निंगते अन् तिथं जाऊन बसते,” असं चालायचं. मला ते ‘कॉन्व्हेंट’ म्हणत. “कॉन्व्हेंट, भट्टी पाहून राहिली ना वं?” मी मान हलवी. मी फार बोलत नसे. सरांना त्याचं काही वाटत नसे, कारण दोघांच्या वाटचं ते एकटेच बोलत.

त्यांचा एक प्रश्न साऱ्या कॉलेजला पाठ होता : “तापल्यावर किती उरते?”

म्हणजे असं, की थंड असताना धातू किती मजबूत आहे, याला सर काही किंमत देत नसत. “थंड्यात कोनीही पयलवान असते. गरम कर, मंग ओढून पाह्य. तवा किती ताकद उरते, ते सांग.” ॲल्युमिनियम थोडं तापलं की हातपाय गाळतं, म्हणून ते त्यांच्या मनातून उतरलेलं. टिटॅनियमवर मात्र जीव. वजनानं हलकं, गंजत नाही, आणि तापल्यावरही पुष्कळसं उरतं. पण फुकट उरत नाही. त्याला मुरवावं लागतं.

हे मुरवणं म्हणजेच सरांचं सगळं आयुष्य. मिश्रधातूचा तुकडा आधी खूप तापवायचा, मग भसकन पाण्यात बुडवायचा, आणि मग मध्यम आचेवर तासन्‌तास ठेवून द्यायचा. त्या वेळात आतल्या आत अगदी बारीक कण जन्माला येतात आणि धातू कडक होतो. “लोणचं मुरते तसंच वं. बरणी सारखी हालवली तं मुरन का? अन् इसरून गेली तं?” जास्त वेळ ठेवलं, किंवा आच जास्त झाली, तर कण मोठे होतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. आणि त्यातली खरी मेख ही, की ज्या आचेवर मुरवलं, त्याहून जास्त आच पुढे कधी लागली की कमावलेलं सगळं सुटत जातं. ही शेवटची गोष्ट सांगताना सरांचा आवाज खाली यायचा, जणू घरातल्याच कोणाबद्दल बोलताहेत.

‘तापल्यावर किती उरते’ हा प्रश्न ते फक्त धातूला लावत नसत. छत्रीला लावत, पुढाऱ्याला लावत, आमच्या विभागाच्या हेडसाहेबांना तर रोज लावत. एकदा मला पाहायला मंडळी येणार होती. म्हणून मी डिसेंबरातल्या एका दिवसाची सुटी मागितली. सर खुर्चीतून उठलेच.

“डिसेंबरात पाह्यतं पोराले? भैताड आहे का तुह्या घरचे? डिसेंबरात सारेच चांगले दिसते. मे महिन्यात बोलाव. दुपारी. पंखा बंद ठेव. अर्धा घंटा बसव, चहा दे गरम, मंग पाह्य काय उरते ते.”

मी हे घरी सांगितलं नाही. पण मुलगा आला तेव्हा मी मनातल्या मनात त्याला मे महिन्यात बसवून पाहिलं. तो बिस्किटाआधीच वितळला.

बाकी त्यांच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. धातूच्या नमुन्यांना ते पोरांसारखे रागे भरत. चहा बशीत ओतून त्याचं तापमान बोटानं सांगत. भट्टी चालू असली की तिच्यासमोरच्या लोखंडी स्टुलावरून उठत नसत. जेवायला नाही, कोणी बोलावलं म्हणून नाही, एकदा लॅबमध्ये साप निघाला तेव्हाही नाही. त्याला म्हणाले, “जाय बाप्पा, तुले इथं लय गरम होईन.” तो गेला. आणि घराला कुलूप लावायचं ते हमखास विसरत. कॉलेजच्या स्टाफ कॉलनीत ते एकटेच राहत. दार दिवसभर सताड उघडं. कॉलनीतल्या बायका म्हणत, विसराळू प्रोफेसर, दुसरं काय.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र सगळंच पणाला लागलं.

दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेकडून सरांनी टिटॅनियमच्या मिश्रधातूची एक सळई मिळवली होती. किती वर्षं मागत होते, देव जाणे. पार्सल आलं तेव्हा त्यांनी नारळ फोडला आणि सळई माझ्या हातात दिली. “घे, घे. बाळंतिणीच्या पोरावानी धर.” त्या प्रयोगशाळेचे लोक म्हणत, हा धातू जास्त आचेवर झटपट मुरवावा. सर म्हणत, आच कमी ठेवा, चारशे अंशांच्या थोडीच वर, आणि वेळ जास्त द्या. मग चारशेच्या उष्णतेतही त्याची ताकद टिकेल. प्रयोगशाळेला ते पटत नव्हतं. पटवून द्यायचं तर ओढून दाखवायला हवं.

आम्ही सळईचे नमुने कापले, आणि ते एकामागून एक बिघडत गेले. सरांचं काही चुकत नव्हतं. नागपूर आडवं येत होतं. आमची लॅब आणि स्टाफ कॉलनी एकाच ट्रान्सफॉर्मरवर. अकरा वाजले की कॉलनीतले सगळे कूलर घुरघुरायला लागत आणि व्होल्टेज बसे. भट्टीची सुई खाली येई. मग कोणी कूलर बंद केला की व्होल्टेज उसळी मारे आणि सुई वर पळे. म्हणजे बरणी हलवल्यासारखंच. रात्री करावं, तर हेडसाहेबांच्या नियमानं इमारतीचा मेन स्विच संध्याकाळीच बंद. पावसाळ्यापर्यंत थांबावं, तर जूनमध्ये प्रकल्प संपत होता आणि भट्टी हेडसाहेबांच्या पोलादाच्या कामाला जाणार होती. पुढच्या वर्षी सर निवृत्त.

शेवटचे तीन नमुने उरले. सरांनी ते टेबलावर मांडले, बराच वेळ बघत राहिले, आणि एकदम टेबलावर थाप मारली.

“कॉन्व्हेंट! एक दुपार साऱ्याईचे कूलर बंद करून टाकू!”

मे महिना. नागपूर. कूलर बंद! मला वाटलं, यांनाच ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही निघालो. सरांनी कळमन्याच्या घाऊक बाजारातून कांद्याचं पोतं आणलं होतं. जो कूलर बंद ठेवायला तयार, त्याला चार कांदे. पिशवी माझ्या खांद्याला.

पहिल्याच घरातल्या काकू दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “भोयर सर, तुमच्या त्या लोखंडासाठी मी उकडून मरू?”

“लोखंड नाही वहिनी, टिटॅनियम. इमानात लागते.”

“मग विमानातच शिजवा ना!”

“शिजवत नाही वहिनी, मुरवून राहिलो. तुम्हाले कोन सांगावं मुरवणं म्हणजे काय? तुमच्या बरण्या उन्हात ठेवल्या अन् कोनी येऊन रोज झाकण उघडलं, तं तुम्ही काय करसान?”

काकू “हात तोडीन,” म्हणाल्या.

“तेच तं सांगून राहिलो!”

काकूंनी कांदे घेतले. वर सरांना कैरीची एक फोड दिली.

पुढच्या घरात एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी ‘कारण काय’ विचारायची चूक केली. सरांनी त्यांच्या अंगणातल्या फरशीवर खडूनं आलेख काढला, तापमान इकडे, ताकद तिकडे, आणि रेघ कशी उतरते, कुठं आपल्याला ती धरून ठेवायची, हे अंधार पडेपर्यंत समजावलं. शेवटी ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, “कूलर बंद ठेवतो, पंखाही बंद ठेवतो, आता घरी जा.” तिसऱ्या घरची बाई म्हणाली, “माझं काही नाही हो, पण ह्यांना दुपारी कूलरशिवाय झोप येत नाही.” सर म्हणाले, “आमच्याकडे धाडून द्या. भट्टीपाशी मस्त झोप लागते, मले तं रोज येते.” मी पिशवीमागे तोंड लपवून हसले. इतकं हसल्याचं मला आठवत नाही.

दोन संध्याकाळी फिरून कॉलनी आमच्या बाजूनं झाली. हेडसाहेबांच्या ऑफिसातला एअरकंडिशनर तेवढा राहिला. “त्याले इचारायचंच नाही,” सर म्हणाले. “इचारलं का नियम काढते तो. गुरुवारी तो मिटिंगले जाऊन राह्यला, सिव्हिल लाइन्सले. गुरुवारी करू.”

गुरुवारी सकाळी तीन नमुने मुरवायला भट्टीत गेले. सुई सरांच्या खुणेवर येऊन थांबली. सर स्टुलावर, कांदा खिशात, लॅबचे पंखे बंद. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता मी खिडकीशी जाऊन कान दिला. कॉलनी गप्प होती. खिडकीपर्यंत एकही घुरघुर येत नव्हती. सगळी कॉलनी आपापल्या घरात उकडत पडली होती आणि आमची सुई खुणेवरून केसभर हलत नव्हती. सर कुजबुजले, “मुरून राहिलं वं, मुरून राहिलं!” मलाही ओरडावंसं वाटत होतं. कोणाला तरी सांगावं, की बघा, हे आत्ता होतंय!

दोन वाजून गेले आणि सुई खाली सरकली.

सर स्टुलावरून अर्धे उठले, परत बसले. भट्टीसमोरून हलता येईना. “कोनं तरी चालू केला! जाय कॉन्व्हेंट, पाह्य कोनाचा ते. कांदा घे!”

त्यांच्या खिशातला कांदा पर्समध्ये टाकून, डोक्याला ओढणी गुंडाळून मी बाहेर पडले. डांबर चपलेला चिकटत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी प्रत्येक घरापाशी थांबून ऐकत गेले. काकूंच्या घरातून पुठ्ठ्यानं वारा घेतल्याचा आवाज येत होता, प्राध्यापकांकडे कोणी तरी खोकलं. आणि मग रस्त्याच्या टोकाकडून आवाज आला. घुर्र.

आवाज भोयर सरांच्याच घरातून येत होता.

दार नेहमीसारखं सताड उघडं. आत कूलर पूर्ण जोरात, आणि त्याच्यासमोर, सतरंजीवर, कॉलनीत फिरणारी भाजीवाली यमुनाबाई टोपलीवर ओलं पोतं टाकून बसलेली. शेजारी एक रिक्षावाला पालथा झोपलेला. पोस्टमन पिशवी उशाला घेऊन घोरत होता. कोपऱ्यात माठ, त्यावर गडू, बाजूला बशीत गूळ. आणि एक बकरी होती. ती कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हतं.

“ये वं माय,” यमुनाबाई म्हणाली, “उन्हात काहून फिरून राहिली? बस.”

“हे... भोयर सरांचं घर ना?”

“हाव. दुपारी आमचं असते.”

मी गडूभर पाणी प्यायले. मग म्हणाले, “आम्हाला वाटायचं, सर कुलूप लावायला विसरतात.”

“इसरत नाही तो काही.” ती पदरानं बकरीला वारा घालत होती. “साहेबाची बाई गेली तवापासून लावतच नाही. असाच मे महिना होता. बाई बजारातून पायी येऊन राहिली होती, रस्त्याच्या मोडावर चक्कर आली तिले. एका घरची कडी वाजवली, दुसऱ्या घरची वाजवली. सारे कूलर घुरघुर करून राहिले होते, कोनाले ऐकूच नाही आलं. साहेब तिकडं भट्टीपाशी.” तिनं टोपलीवरचं पोतं सारखं केलं. “त्याच्या खिशात कांदा रोज सकाळी बाईच ठेवत होती. सोता रिकाम्या हातानं निंगाली.”

 बाहेर सगळीकडे शांत होतं. त्या दुपारी कोणी कडी वाजवली असती, तर शेवटच्या घरापर्यंत ऐकू आली असती.

“तू काहून आली होती?” यमुनाबाईनं विचारलं. विचारलं म्हणून मी सांगितलं : भट्टी, सुई, कूलर. “पण तुम्ही बसा,” म्हणाले, “हा बंद करू नका,” आणि लॅबकडे पळाले.

मी पोचले तेव्हा सुई पुन्हा वर येऊ लागली होती. सर खुश. “सापडला का चोर?” मी तोंड उघडणार, तोच व्हरांड्यात पावलं वाजली. यमुनाबाई, रिक्षावाला, पोस्टमन. तिघंही उन्हानं लाल झालेले. मागे बकरी.

“साहेब, बंद केला आम्ही कूलर,” यमुनाबाई म्हणाली. “तुमचं काम होऊ द्या. आम्ही इथं सावलीले बसतो.”

सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “बंद केला? कोनं सांगितलं बंद कराले? उन्हात चालत आले? तुह्यं वय काय यमुनाबाई! डोकं आहे का ठिकाणावर?” ते ओरडतच होते. “तो कूलर हिशेबात धरला होता मी! तो चालूच राहणार होता!”

आणि मग सर स्टुलावरून उठले.

साप निघाला तेव्हा न उठलेले सर, भट्टी चालू असताना उठले. खुंटीवरची काळी छत्री घेतली, यमुनाबाईच्या डोक्यावर धरली आणि दारातून न वळता म्हणाले, “कॉन्व्हेंट, सुई तुह्या हवाली. मी या साऱ्याईले घरी सोडून, कूलर लावून येतो.”

“सर, पण सुई पडेल!”

“पडू दे.”

ते गेले. शेवटचे तीन नमुने, जूनमध्ये जाणारी भट्टी, इतक्या वर्षांचा हट्ट, सगळं माझ्यासमोर त्या सुईवर टांगलेलं. थोड्या वेळानं सरांच्या घरी कूलर लागला असणार, कारण सुई खाली घसरली. पण सरांनी हिशेबात धरलेला हा कूलर सकाळपासूनच चालू होता आणि तेव्हा सुई स्थिर होती. मग दोननंतर काय वाढलं? मी श्वास रोखून ऐकलं. डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक बारीक, सभ्य गुणगुण चालली होती. खिडकीतून पाहिलं. कडुनिंबाखाली हेडसाहेबांची गाडी. मीटिंग लवकर संपली होती.

मी आयुष्यात कोणाच्या ऑफिसात न बोलावता गेले नव्हते. जिना धावतच चढले. दार ढकललं, तर आत महाबळेश्वर. हेडसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मराठी तर सुचेचना. तेव्हा माझ्या तोंडून आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरचा आवाज निघाला. त्या आवाजानं अख्खा कॉरिडॉर गप्प व्हायचा.

“सर, विल यू प्लीज स्विच दॅट ऑफ. नाऊ.”

हेडसाहेब उठले आणि त्यांनी एअरकंडिशनर बंद केला. का केला, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नसेल. मी “थँक यू, सर,” म्हणून दार लावलं आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. सुई चढत होती. चढली, खुणेवर आली, थांबली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

सर घामानं भिजून परत आले. सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. वरची गुणगुण नव्हती.

“वर गेली होती?”

“हो, सर.”

“तापल्यावर किती उरली वं?”

“पुरली, सर.”

ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी, मेन स्विच पडायच्या आत, नमुने बाहेर काढले. तापलेल्या टिटॅनियमला रंग चढतो. ते तिन्ही जांभळट सोनेरी झाले होते, संध्याकाळच्या आभाळासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढून पाहायचं होतं. सरांनी येताच इतक्या घाईनं कोट चढवला की बटणं वरखाली. पहिला नमुना थंडच ओढला. तो उत्तम निघाला. मग दुसरा मशीनमध्ये चढवला, त्याच्याभोवती छोटी भट्टी बसवली, ती चारशे अंशांवर आणली. हाच खरा. सरांनी सवयीनं उजव्या खिशात हात घातला आणि तसेच उभे राहिले. खिसा रिकामा होता.

“कांदा राह्यला,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक.

मशीन तयार होतं, पण सर हात पुढे करेनात. मी पर्स उघडली. काल त्यांनीच दिलेला कांदा आत होता. तो मी त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवला. हातात दिला नाही, खिशातच ठेवला. का, ते मलाही सांगता येणार नाही.

 खिशावरून हात फिरवून सर म्हणाले, “चालव मशीन.”

काटा चढू लागला. सरांनी सांगितलेल्या रेघेपर्यंत गेला. तिथं थांबला नाही. आणखी पुढे, आणखी थोडा, आम्ही दोघं एकमेकांचा श्वास ऐकत होतो, आणि मग नमुना तुटला, टक्क! सर जागच्या जागी उडाले. “उरली! पाह्य वं पोट्टी, उरली!” मीही उडी मारली. वरून हेडसाहेबांनी आवाज कसला म्हणून शिपाई पाठवला. सरांनी त्यालाच मिठी मारली. तिसरा नमुना आम्ही दिवसभर चारशे अंशांवर तसाच तापत ठेवला आणि मग ओढला. तोही डगमगला नाही. दक्षिणेला कळवायचं पत्र सरांनी माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं. “तुह्या त्या आवाजात लिही,” म्हणाले.

त्या पत्राला मानाचं उत्तर आलं, भट्टी आमच्याकडेच राहिली, आणि हे सगळं कॉलेजात पुष्कळांना माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच, की त्यानंतर मी रोज सकाळी सरांच्या आधी लॅबमध्ये पोचत असे. खुंटीवर त्यांचा पांढरा कोट असे. त्याच्या उजव्या खिशात मी एक कांदा ठेवी आणि आपल्या जागेवर जाऊन बसे. सर येत, कोट घालत, खिशाला हात लावत. मग भट्टीकडे वळत. 

दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की सरांनी घरून कांदा आणणं बंद केलं होतं.